एक नदी, तीन प्रशासने : दमणगंगा खोऱ्यातील धरणांचे पर्यावरणीय व सामाजिक परिणाम

प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी वर्गांसाठी तयार केलेल्या पर्यावरण अभ्यासाच्या गाभा अभ्यासक्रमात 'धरणे आणि त्यांचे वनांवर व आदिवासी लोकांवर होणारे परिणाम' असा एक घटक आहे. 'विस्थापितांचे पुनर्वसन, त्यातील अडचणी' हा दुसरा घटक आहे, आणि क्षेत्रभेटीसाठी काही तास राखून ठेवलेले आहेत. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये जे निर्देश दिले त्यांतून पुढे हा विषय महाविद्यालयांत सक्तीचा झाला. असे असले तरी वर्गात हा घटक बहुधा टिहरी किंवा सरदार सरोवराच्या उदाहरणाने शिकवला जातो आणि परीक्षेत 'फायदे-तोटे' अशा दोन रकान्यांत लिहिला जातो.

सिल्वासा, वापी, दमण, जव्हार, धरमपूर या पट्ट्यातील महाविद्यालयांना मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. सिल्वाशाजवळून वाहणाऱ्या दमणगंगेवर मधुबन येथे एक मोठे धरण चार दशकांपासून उभे आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला आणखी दोन धरणे प्रस्तावित आहेत. उभ्या असलेल्या धरणाचा अनुभव आणि प्रस्तावित धरणांविषयीचे प्रश्न एकाच खोऱ्यात शेजारी शेजारी अभ्यासता येतील अशी जागा सहज मिळत नाही. प्रस्तुत लेखात या खोऱ्याच्या आधारे धरणाचे परिणाम कसे मोजावेत, ते कोणाच्या वाट्याला येतात आणि कायदा त्यांना कोठे हात देतो व कोठे सोडून देतो, याचा विचार केला आहे.

१. नदी आणि तिचे खोरे

दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. सुमारे १३१ किलोमीटरचा प्रवास करून ती दमण येथे अरबी समुद्राला मिळते. वाघ, वाल, साकरतोंड, दुधनी, पिंपरिया या तिच्या उपनद्या होत. खोऱ्याचे एकूण क्षेत्र सुमारे २३१८ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आकाराने नदी लहान आहे, पण ती महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा नगर हवेली व दमण अशा तीन प्रशासनांतून जाते. दादरा नगर हवेली आणि दमण हे पूर्वी दोन स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश होते. २६ जानेवारी २०२० पासून दीवसह त्यांचा एकच प्रदेश झाला आहे.

खोऱ्याच्या वरच्या भागात प्रामुख्याने वारली, कोकणा, कातकरी, ढोर कोळी आणि धोडिया समाजाची वस्ती आहे. प्रशासकीय सीमा या समाजांच्या नातेसंबंधांना आडव्या जातात. एकाच कुळातील एक घर जव्हार तालुक्यात, दुसरे खानवेल भागात आणि तिसरे कपराडा तालुक्यात असणे ही येथे नेहमीची गोष्ट आहे. शेती पावसावरची, भात, नाचणी आणि वरीची. पाऊस भरपूर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत नदीकाठची ओल, झरे, डोह आणि जंगल यांवर गुजराण होते. धरणाचे परिणाम समजून घेताना हे आठ महिने विशेष ध्यानात ठेवावे लागतात.

२. मधुबन धरण : चार दशकांचा अनुभव

मधुबन धरण वलसाड जिल्ह्यात, दादरा नगर हवेलीच्या सीमेलगत आहे. त्याचे काम १९७० च्या दशकात सुरू झाले. धरणाची लांबी सुमारे २८७० मीटर, एकूण साठवण क्षमता सुमारे ५६७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे २० टीएमसी, आणि पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ७९.८६ मीटर आहे. धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र १८१३ चौरस किलोमीटर, म्हणजे संपूर्ण खोऱ्याच्या सुमारे ७८ टक्के भरते. दमणगंगेचे बहुतेक पाणी या एका दारातून जाते असे म्हणता येईल.

हे धरण मुख्यतः सिंचनासाठी बांधले गेले. त्याचे लाभक्षेत्र पश्चिमेकडे, वलसाड जिल्ह्यातील पारडी, उंबरगाव, वलसाड तालुक्यांत, दादरा नगर हवेलीच्या सखल भागात आणि दमणमध्ये आहे. जलाशय मात्र पूर्वेकडे पसरला. त्याचा मोठा भाग दादरा नगर हवेलीच्या दुधनी, कौंचा परिसरात येतो. या प्रदेशात गावांच्या समूहाला पटेलाद म्हणतात. पूर्वेकडील पटेलादींतील नदीकाठची सपाट भातखाचरे पाण्याखाली गेली आणि पश्चिमेकडील पटेलादींत कालवे आले. म्हणजे ४९१ चौरस किलोमीटरच्या या छोट्या प्रदेशातच पाणी देणारा भाग आणि पाणी घेणारा भाग असे दोन तुकडे पडले. 'प्रदेशाला धरणाचा लाभ झाला' हे विधान खरे आहे, परंतु त्या प्रदेशातील कोणाला लाभ झाला हे त्यातून कळत नाही.

आज दुधनीचा जलाशय पर्यटनस्थळ म्हणून ओळखला जातो. नौकाविहारासाठी सुरत-मुंबईहून लोक येतात. काही स्थानिक कुटुंबांना त्यातून आणि मासेमारीतून उत्पन्न मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या कुटुंबाचे खाचर बुडाले त्याला पाण्याच्या कडेला, उतारावरच्या वरकस जमिनीत सरकावे लागले. पूर्वी पायवाटेने जोडलेल्या गावांमध्ये पाणी आले. बाजार, दवाखाना, शाळा यांचे अंतर वाढले. असे नुकसान मोबदल्याच्या तक्त्यात बसत नाही, कारण तक्ता एकर आणि झाडे मोजतो, अंतर मोजत नाही.

हे धरण ज्या काळात आखले गेले त्या काळात वन संवर्धन कायदा (१९८०) नव्हता, पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना (१९९४) नव्हती आणि जनसुनावणीची तरतूद तर १९९७ मध्ये आली. भूसंपादन १८९४ च्या कायद्याच्या चौकटीत होत असे. त्या कायद्यात मोबदला जमिनीच्या कागदाला मिळत असे, कसणाऱ्या हाताला नव्हे. दादरा नगर हवेलीत ही अडचण अधिक गंभीर होती. पोर्तुगीज राजवटीत १९१९ च्या कृषी नियमावलीनुसार 'अल्वारा' आणि 'तेरेम' अशा धारणा चालत. प्रदेश २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाला, १९६१ मध्ये भारतीय संघराज्यात सामील झाला, आणि जमीन सुधारणा नियमन १९७१ मध्ये आले. म्हणजे कुळाच्या नावावर जमीन होण्याची प्रक्रिया आणि धरणाच्या भूसंपादनाची प्रक्रिया जवळजवळ एकाच काळात चालू होती. ज्याचा कागद अद्याप तयार झालेला नाही त्याची जमीन मोबदल्याच्या हिशेबात कशी धरली जाणार, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक नव्हता.

३. वरच्या अंगाची प्रस्तावित धरणे

राष्ट्रीय जल विकास अभिकरणाने दमणगंगा-पिंजाळ नदीजोड प्रकल्प आखला आहे. ३ मे २०१० रोजी केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात सविस्तर प्रकल्प अहवालासाठी सामंजस्य करार झाला आणि २०१४ मध्ये हा अहवाल पूर्ण झाला. १ फेब्रुवारी २०२२ रोजीच्या केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणात ज्या पाच नदीजोड प्रकल्पांचा उल्लेख झाला त्यांत हा एक होता. योजनेनुसार दमणगंगेवर नाशिक जिल्ह्यात भुगड येथे आणि वाघ नदीवर जव्हार तालुक्यात खारगीहिल येथे धरणे बांधावयाची आहेत. दोन्ही जलाशय एकूण ४० किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्यांनी प्रस्तावित पिंजाळ धरणाशी जोडून सुमारे ५८० दशलक्ष घनमीटर पाणी दरवर्षी मुंबईकडे न्यावयाचे आहे.

हा आकडा मधुबनच्या संपूर्ण साठवण क्षमतेएवढा, किंबहुना थोडा अधिक आहे. साठवण आणि वार्षिक प्रवाह या वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात मधुबनमधून बरेच पाणी समुद्राकडे सोडावे लागते हेही खरे. अभिकरणाची भूमिका अशी की खालच्या भागाच्या सर्व नियोजित गरजा धरूनच हे पाणी 'अतिरिक्त' ठरवले आहे. तरीही दोन्ही प्रस्तावित धरणे मधुबनच्या पाणलोटात आहेत, म्हणून त्यांचा परिणाम सिल्वासा, वापी आणि दमणपर्यंत पोहोचणारच.

याच भागातील दुसरा नदीजोड, पार-तापी-नर्मदा, सात धरणांचा होता. २०२२ मध्ये धरमपूर, डांग, नवसारी भागातील आदिवासींनी त्याविरुद्ध मोठे मोर्चे काढले आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात गुजरात सरकारने तो रद्द करण्याची घोषणा केली. अहवाल पूर्ण होणे आणि प्रकल्प उभा राहणे यांत लोकमताची एक पायरी असते, हे त्यातून दिसले.

४. वीज किती, पाणी किती

धरणाचा प्रस्ताव मांडताना 'वीजनिर्मिती' हा शब्द बहुधा असतोच. तो ऐकून भारून जाण्यापूर्वी एक साधा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. एका सेकंदाला एक घनमीटर पाणी १०० मीटर उंचीवरून खाली आले तर साधारण ८५० किलोवॅट वीज मिळते. म्हणजे वीज दोन गोष्टींवर ठरते : पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते.

कोयनेचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर साडेचारशे मीटरहून अधिक खाली येते, म्हणून तेथे १९६० मेगावॅटची क्षमता उभी राहू शकली. मुळशीच्या टाटा प्रकल्पाचे गणितही हेच. सरदार सरोवरात उंची कमी, पण नर्मदेचे पाणी अफाट. म्हणून १४५० मेगावॅट. दमणगंगेच्या खोऱ्यात धरणाच्या पायथ्याशी ४० मीटरचा उतार आणि सेकंदाला १० घनमीटर पाणी धरले तर सुमारे ३.४ मेगावॅट येतात. म्हणून भुगड-खारगीहिल योजनेतील वीज काही मेगावॅटचीच आहे. त्या योजनेचा खरा हेतू शहराचा पाणीपुरवठा हा आहे.

हा फरक कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत नदीखोरे प्रकल्प दोन मापांनी तोलले जातात : जलविद्युत असेल तर मेगावॅट आणि सिंचन असेल तर लाभक्षेत्राचे हेक्टर. निव्वळ पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले धरण या दोन्ही मापांत बसत नाही. २५ मेगावॅटच्या आतील वीजही मर्यादेच्या खाली राहते. परिणामी हजारो हेक्टर बुडवणारे धरण 'पिण्याच्या पाण्याचे' म्हणून या अधिसूचनेच्या चौकटीबाहेर, म्हणजेच तिच्यातील जनसुनावणीच्याही बाहेर राहू शकते. वनजमिनीसाठीची मंजुरी तेवढी वेगळी लागते. बुडणाऱ्या पाड्याला मात्र पाणी शेताला चालले की नळाला, याने काही फरक पडत नाही.

५. पर्यावरणीय परिणाम : उगमापासून खाडीपर्यंत

धरणाचे पर्यावरणीय परिणाम भिंतीजवळ मोजून भागत नाही. नदीच्या लांबीप्रमाणे त्यांचे टप्पे पाडले तर विषय स्पष्ट होतो.

(अ) बुडीत क्षेत्र : सह्याद्रीच्या या उतारावर साग, खैर, ऐन, मोह यांचे मिश्र जंगल आहे. त्यातही नदीकाठच्या घळीतील जंगल उन्हाळ्यात हिरवे राहते. रानभाज्या, कंद, औषधी वनस्पती तेथे मिळतात. हाच पट्टा सर्वांत आधी बुडतो. दुसरीकडे झाडे लावून हेक्टरांची भरपाई होते, पण उतारावरच्या लागवडीला घळीतील ओल मिळत नाही.

(आ) जलाशय : वाहत्या पाण्यातील माशांची जागा साचलेल्या पाण्यातील मासे घेतात. पाणी उतरू लागले की काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. बुडालेल्या वनस्पती कुजून मिथेन वायू तयार होतो. डोंगराळ पाणलोटातील माती गाळ होऊन साचते आणि साठवण क्षमता हळूहळू घटते. वरची दोन धरणे झाली तर काही गाळ तेथे अडेल, पण बोगदे आणि रस्ते खोदताना नवा गाळ निर्माण होईल. दोन्ही बाजू मोजाव्या लागतील.

(इ) धरणाखालची नदी : मधुबनच्या खाली वापीची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा वापीला ८८.०९ गुण मिळून ते देशात दुसऱ्या क्रमांकाचे प्रदूषित क्षेत्र ठरले. नदीत सोडलेल्या सांडपाण्याची तीव्रता नदीतील पाण्यावर अवलंबून असते. वरून येणारे पाणी कमी झाले तर कारखान्यांनी थेंबभरही जास्त सांडपाणी न सोडता नदी अधिक दूषित होऊ शकते. म्हणून वरच्या धरणाचा विचार खालच्या प्रदूषणापासून वेगळा करता येत नाही.

(ई) खाडी आणि पूर : दमणच्या खाडीत गोडे आणि खारे पाणी मिसळते. तेथील मासळी, कोळंबी यांचे जीवनचक्र या मिश्रणावर चालते. गोड्या पाण्याचा वेग ओसरला की खारे पाणी आत सरकते. दुसरे टोक पुराचे आहे. ऑगस्ट २००४ मध्ये दमणगंगेला आलेल्या मोठ्या पुराचा तडाखा दमणपर्यंत बसला. धरण पूर अडवू शकते, पण जलाशय आधीच भरलेला असेल तर आलेले पाणी एकदम सोडावे लागते. एका नदीवर तीन धरणे आणि तीन प्रशासने असतील तर कोणाचे दरवाजे कधी उघडायचे, याची सूचना एकमेकांना वेळेवर मिळणे हा जीवन-मरणाचा प्रश्न होतो.

६. सामाजिक परिणाम : मोबदला आणि पुनर्वसन

जागतिक धरण आयोगाने नोव्हेंबर २००० मधील अहवालात जगभर मोठ्या धरणांमुळे ४ ते ८ कोटी लोक विस्थापित झाल्याचा अंदाज दिला. महाराष्ट्राचा या विषयातील अनुभव तर जगातील सर्वांत जुन्या अनुभवांपैकी आहे. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह एप्रिल १९२१ मध्ये सुरू झाला तो जलविद्युत धरणाविरुद्धच. पन्नासहून अधिक गावांचा प्रश्न होता आणि वीज जाणार होती मुंबईच्या गिरण्यांना. धरण झालेच. परंतु 'सार्वजनिक हित' म्हणजे नेमके कोणाचे हित, हा प्रश्न त्या सत्याग्रहाने कायमचा उभा केला.

त्यानंतर कोयनेचे प्रकल्पग्रस्त ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत पांगले आणि त्यांतील अनेकांचे पुनर्वसनाचे दावे पुढील पिढीपर्यंत चालले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. १९७९ च्या नर्मदा लवादाने जमिनीला जमीन, प्रत्येक कुटुंबास किमान दोन हेक्टर आणि सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब, अशी तत्त्वे घालून दिली. ती कागदावर चांगली होती. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील गावांना मात्र ती प्रत्यक्षात उतरवून घेण्यासाठी दशके झगडावे लागले.

या अनुभवांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, रोख मोबदला आदिवासी कुटुंबात टिकत नाही. तो कर्जफेड, लग्नकार्य आणि आजारपणात संपतो, आणि जमीन परत घेता येत नाही. दुसरी, पुनर्वसन कुटुंबाकुटुंबाने झाले तर पाडा मोडतो. एकमेकांच्या शेतावर राबण्याची पद्धत, देवस्थान, सुईण, भगत या सगळ्यांवर पाड्याचे जीवन उभे असते. तिसरी, स्त्रियांचे नुकसान हिशेबात येतच नाही, कारण सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाचे नाव असते, आणि पाणी, सरपण, रानभाजी आणणारी मात्र स्त्री असते.

पाणी जेथून जाते तेथील लोक तहानलेले राहतात, हाही नेहमीचा अनुभव आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात भातसा, तानसा यांसारखे मुंबईचे जलाशय आहेत आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईची तहान खोटी नाही. तेथे राहणाऱ्या गरीब वस्त्यांनाही पाणी हवेच आहे. परंतु जव्हारचे पाणी मुंबईला नेण्याआधी जव्हारच्या पाड्याला नळ मिळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

७. कायद्याचे तीन प्रदेश

येथे या खोऱ्याचे वैशिष्ट्य समोर येते. जव्हार, पेठ, कपराडा, धरमपूर हे भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ ने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती आवश्यक ठरवली आहे. दादरा नगर हवेली मात्र पाचव्या अनुसूचीत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे असूनही तेथे पेसाचे संरक्षण पोहोचत नाही. नदीच्या एका काठावरच्या वारल्याला जो अधिकार आहे तो दुसऱ्या काठावरच्या त्याच्या भाच्याला नाही.

दोन्ही काठांना समान असलेला आधार म्हणजे २००६ चा वन हक्क कायदा. तो केंद्रशासित प्रदेशालाही लागू आहे. कलम ४(५) नुसार हक्कांची मान्यता व पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय वनजमिनीवरून कोणास हटवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी नियमगिरी प्रकरणात ग्रामसभेच्या या अधिकाराला बळ दिले. तेव्हा दावा वेळेत आणि नीट दाखल झालेला असणे, सामूहिक वनहक्काचा दावाही केलेला असणे, हे संभाव्य बुडीत क्षेत्रातील गावांसाठी सर्वांत महत्त्वाचे काम ठरते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याची दुसरी बाजूही शिकवली पाहिजे. या कायद्याने सामाजिक परिणाम मूल्यांकन सक्तीचे केले, पण कलम ६ मध्ये अपवाद ठेवला : सिंचन प्रकल्पास अन्य कायद्याखाली पर्यावरणीय मूल्यांकन आवश्यक असेल तर सामाजिक मूल्यांकनाची तरतूद लागू होत नाही. म्हणजे धरणग्रस्तांची, ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांचीच बाजू कमजोर राहिली. दुसऱ्या अनुसूचीत जमिनीला जमीन देण्याची तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी गेलेल्या जमिनीएवढी किंवा अडीच एकर, यांपैकी जी कमी असेल ती. नर्मदा लवादाच्या दोन हेक्टरांशी ही तरतूद ताडून पाहण्यासारखी आहे.

८. अध्यापकांचे काम : कागदाची भाषा उलगडणे

जनसुनावणी होते तेथे ती किमान ३० दिवसांच्या सूचनेने व्हावी आणि अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेत मिळावा, असा नियम आहे. प्रत्यक्षात 'स्थानिक भाषा' म्हणजे राज्याची राजभाषा धरली जाते. वारली बोलणाऱ्या वृद्धेला ती भाषा किती कळते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

या ठिकाणी भाषेच्या अध्यापकांनाही काम आहे. महसुली मराठीचा बराचसा शब्दसंग्रह फारसी-अरबीतून आला : जमीन, हद्द, कब्जा, दावा, मोबदला, बेदखल. उर्दूशी परिचय असलेल्या विद्यार्थ्याला हे शब्द ओळखीचे वाटतात, पण सगळेच त्याच अर्थाने नव्हेत. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा आगळीक. मराठी सूचनेत 'हरकती मागवण्यात येत आहेत' म्हणजे आक्षेप. उर्दूत 'तकरार' म्हणजे पुनरुक्ती किंवा वादावादी. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. ज्याला हा फरक कळला नाही त्याचा आक्षेप मुदतीत नोंदला जाणार नाही. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू आणि वारली जाणणारे विद्यार्थी एकाच वर्गात असतील तर अशा शंभर शब्दांची बहुभाषी सूची हा उत्तम प्रकल्प होईल, आणि तो ग्रामसभेच्या उपयोगीही पडेल.

क्षेत्रभेटीसाठी पुढील पाच प्रश्न पुरेसे आहेत :
(१) धरणाच्या पूर्ण संचय पातळीची रेषा नकाशावर काढल्यास कोणते पाडे, शेते, विहिरी, स्मशाने तिच्या आत येतात?
(२) त्या जमिनीचा कागद कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्षात कसते कोण?
(३) वनहक्काचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे दाखल झाले आहेत काय?
(४) मधुबनमुळे पूर्वी हललेली कुटुंबे आज कोठे आणि कशावर जगतात?
(५) धरणाखाली उन्हाळ्यात नदीत किती पाणी असते आणि त्याचा रंग, वास, मासळी यांत काय बदल झाला?

मुलाखती घेताना संबंधितांची संमती घ्यावी, नावे प्रसिद्ध करू नयेत आणि निष्कर्ष प्रथम गावात वाचून दाखवावेत. विद्यार्थ्यांवर धरणाच्या बाजूचे किंवा विरुद्ध मत लादू नये. कारखान्यात काम करणाऱ्या पालकाचे मूल आणि बुडीत गावातील मूल एकाच बाकावर बसलेले असू शकते. दोघांनी एकमेकांचा हिशेब ऐकणे, हेच या अभ्यासाचे फलित आहे.

समारोप

धरणाचे पाणी, वीज आणि शहराची गरज या खऱ्या गोष्टी आहेत. तशाच बुडालेली खाचरे, तुटलेला पाडा आणि आटलेली खाडी याही खऱ्या आहेत. अडचण अशी की या दोन बाजू कधीच एका वहीत लिहिल्या जात नाहीत. लाभ एका प्रशासनाच्या अहवालात येतो, नुकसान दुसऱ्याच्या हद्दीत राहते आणि तिसरे प्रशासन फक्त पूर आल्यावर जागे होते. दमणगंगा खोऱ्यात वरची धरणे बांधण्याचा निर्णय होण्यापूर्वी मधुबनच्या चार दशकांचा प्रामाणिक हिशेब मांडला जावा : किती कुटुंबे हलली, किती जमीन प्रत्यक्ष भिजली, किती पाणी कोणाला गेले. हा हिशेब उगमापासून खाडीपर्यंत संपूर्ण नदीचा एकत्र असावा आणि तो सर्व काठांवरच्या ग्रामसभांसमोर त्यांच्या बोलीत वाचला जावा. पहिल्या धरणाचे देणे किती राहिले आहे हे ठाऊक नसताना दुसऱ्याचा करार करणे कोणत्याही व्यवहारात शहाणपणाचे मानले जात नाही. या परिसरातील महाविद्यालयांना त्या हिशेबाची पहिली पाने लिहिता येतील.